एकतिसाला कोण राहतं?

आण्णांबद्दल कोणी विचारलं तर मी दर वेळी वेगळंच काहीतरी सांगते. कधी म्हणते, फार हुशार माणूस. कधी म्हणते, चक्रम होते. एकदा बोलता बोलता 'माझे गुरू' असं तोंडून निघून गेलं आणि माझी मीच दचकले, कारण मी त्यांच्याशी जशी वागले तसं गुरूशी कोणी वागत नाही. म्हणून आता लिहूनच बघते. मला नक्की काय सांगायचं आहे ते लिहिता लिहिता तरी कळेल.

इस्लामपूरच्या बाहेर, उसाच्या रानांत, आमची लहानशी शेती-संशोधनाची प्रयोगशाळा होती. मी वाईची. एमएस्सी करून पीएचडीसाठी तिथे लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी मशीनच्या खोलीच्या दारात एक उंच, वाळका माणूस आडवा आला आणि त्याने मला चक्क हुंगलं. मान पुढे काढून, डोळे मिटून, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने.

"खोबरेल," तो म्हणाला. "आन डब्यात कांदा. आवं ताई, डबा भाईर ठेवा आन मग या."

मी खवळलेच. डबा बाहेर ठेवता येईल, पण तेल लावलेले केस कुठे ठेवू? त्यावर त्यांनी खुंटीवरची धुतलेली पांढरी टोपी काढून माझ्या हातात दिली. ती घालून मी त्या खोलीत तीन वर्षं काढली.

हे आण्णा. त्यांना नाव होतं, पण पगारपत्रकाखेरीज ते कुठे वापरलेलं मी पाहिलं नाही. ते मशीन चालवायचे. मशीनचं नाव मास स्पेक्ट्रोमीटर. नाव भारी असलं तरी काम समजायला सोपं आहे: वायूच्या कणांचं वजन करायचं. नायट्रोजनचा नेहमीचा कण अठ्ठावीस वजनाचा. क्वचित एखादा जरा जड, एकोणतीसचा. तिसाचा तर हवेत शोधूनही सापडायचा नाही. ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणे कण वेगवेगळ्या वाटांनी जातात आणि पडद्यावर त्यांची टोकदार शिखरं उमटतात. आण्णा त्यांना शिंगं म्हणत.

ते वडूजकडच्या माणदेशी माळावरचे, मेंढपाळाच्या घरातले. भाऊ अजून मेंढरं राखायचा. हे कॉलेजात दोन वर्षं गेले, मग काहीतरी बिनसलं आणि आमच्याकडे शिपाई म्हणून लागले. मशीन बसवायला बाहेरून इंजिनिअर आले होते, तेव्हा चहा देण्याच्या निमित्ताने हे महिनाभर त्यांच्या पाठीमागे उभे राहिले. इंजिनिअर गेले आणि आठ दिवसांत मशीन बंद पडलं. ते आण्णांनी चालू केलं. तेव्हापासून खोलीची किल्ली त्यांच्याकडे.

आता यातली गंमत बघा. मशीनचं काम मोजायचं, आणि आण्णांना मोजण्याचा तिटकारा. मेंढरं मोजली की कमी होतात, असं त्यांच्या घरात मानत. आकडा ते कधी तोंडाने उच्चारायचे नाहीत. निकालाचा कागद तुमच्याकडे फिरवायचे आणि स्वतः खिडकीबाहेर बघत उभे राहायचे. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस ही त्यांच्या लेखी संख्या नव्हतीच, ती नावं होती.

"मोजताय कशाला?" ते मला म्हणायचे. "वळखा. आपलं कोण आन परकं कोण, येवढं वळखलं की झालं काम."

एकदा मी माझ्या नमुन्यांचे निकाल घ्यायला गेले तर मशीन बंद आणि आण्णा स्टुलावर हाताची घडी घालून बसलेले. "एकतिसाला आपलं कोण राहतंय?" त्यांनी विचारलं. मला वाटलं, कुठल्या तरी घरनंबराबद्दल बोलताहेत. म्हटलं, मला नाही माहीत. त्यांनी पडदा दाखवला. एकतीसच्या जागी एक इवलंसं शिंग उगवलं होतं. नायट्रोजनचा एकतीस वजनाचा कण नसतो, म्हणजे कोणीतरी उपरा आत शिरला होता. एकतिसाला दिसतोय तो एकोणतिसाच्या आकड्यातही लुडबुड करत असणार, म्हणजे सगळे निकाल बाद. आण्णांनी तीन दिवस नळ्या उकलल्या. शेवटी माझ्या काचेच्या नळ्या नाकाशी धरल्या आणि म्हणाले, "दारू."

मी आदल्या आठवड्यात नळ्या स्पिरिटने धुतल्या होत्या आणि घाईत नीट वाळवल्या नव्हत्या. ते स्पिरिट एकतिसाला राहत होतं.

अशा वेळी माणूस देवासारखा वाटायचा. पण पुढच्याच महिन्यात त्यांनी असाच एक परका शोधून काढला, आमच्या कारकुनाच्या अंगाच्या साबणावर आळ घेतला, त्या बिचाऱ्याला आठ दिवस खोलीजवळ फिरकू दिलं नाही, आणि अखेर निघालं काय, तर वीजदाब कमीजास्त होत होता. साबणाचा काही संबंध नव्हता. आण्णांनी माफी मागितली नाही. उलट म्हणाले, "व्हय, पण साबण वाईटच हाय." तेव्हा त्यांचं खरं कधी मानायचं आणि खोटं कधी, याचा मला शेवटपर्यंत अंदाज आला नाही. ते दोन्ही वेळा अगदी तितक्याच खात्रीने बोलत.

खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. आण्णांनी मशीनच्या खोलीत उदबत्ती, कापूर, झेंडू यांतलं काही नेऊ दिलं असतं तर शपथ. मग पूजा कोणाची, तर दाराबाहेर ठेवलेल्या स्टॅबिलायझरची. त्यालाच हार, त्यालाच हळदकुंकू. आण्णा दार लावून आत मशीनपाशी एकटे उभे राहायचे. तिथे ते हात जोडत होते की नुसते पंपाचा आवाज ऐकत होते, देव जाणे.

माझा विषयही आण्णांनीच दिला. आमचे प्रमुख, त्यांना आम्ही सर म्हणायचो, सांगलीचे. हुशार, शांत, नीटनेटके. माझ्यासाठी विषय शोधत होते. तेव्हा आण्णा सहज म्हणाले, "आमच्या माळाला कवा खत पडलं न्हाई. तरी कुसळी बगा कशी येतीया. मेंढरं खाऊन हटत न्हाईत."

सरांचे डोळे चमकले. खताशिवाय गवत वाढतं म्हणजे त्याच्या मुळांपाशी असे जिवाणू असतील, जे हवेतला नायट्रोजन पकडून गवताला देतात. डाळींच्या मुळांवर तसे असतात, गवताच्या बाबतीत मात्र खात्रीने सांगणं अवघड. ते सिद्ध झालं तर कोरडवाहू ज्वारी-बाजरीला केवढा आधार! आण्णांनी रजा काढून माळावरची गवताची ठोंबं पोत्यात घालून आणली. आम्ही कामाला लागलो.

प्रयोग असा. मुळं बंद बरणीत ठेवायची आणि आत खास विकत आणलेला नायट्रोजन सोडायचा. या नायट्रोजनचे जवळपास सगळे कण तिसाचे. मेंढपाळ आपल्या मेंढरांच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढतात, तशी ही खूण केलेली मेंढरं, असं आण्णांनी मला समजावलं आणि तेव्हा कुठे मला माझाच विषय नीट कळला. काही दिवसांनी मुळं काढायची, धुवायची, वाळवायची, जाळायची आणि निघालेला वायू मशीनमधून सोडायचा. जळताना जड नायट्रोजन साध्या नायट्रोजनशी जोडी जमवतो, म्हणून एकोणतिसाचं शिंग वाढलेलं दिसलं की समजायचं, मुळांनी बरणीतल्या हवेतून तो खाल्ला.

पण आण्णा विकतच्या बाटलीतला वायू तसाच वापरू देईनात. त्याला आधी आंघोळ घालायची. खरंच आंघोळ म्हणायचे. आम्लाचे थेंब टाकलेल्या पाण्यातून वायूचे बुडबुडे काढायचे आणि मग तो मुळांना द्यायचा.

"मेंढरं धुतल्याबिगर कोन कातरतंय का?" ते म्हणत. "ईकतचा वायू. कुठल्या कुठल्या नळीतनं आलाय, काय अंगाला लावून आलाय, ठावं हाय का तुमाला?"

त्यांचा संशय अमोनियावर होता. त्या वायूबरोबर खुणेचाच थोडासा अमोनिया आला असेल, तर तो मुळांना आयताच चिकटेल. मग जड नायट्रोजन वाढलेला दिसेल, पण तो हवेतून खाल्लेला नसेल. आंघोळीत अमोनिया पाण्यात राहतो. हे सगळं शास्त्रशुद्ध होतं. अडचण एकच होती: आंघोळ घातलेल्या वायूने माझ्या प्रयोगात काहीच निष्पन्न होत नव्हतं. दोन वर्षं होत आली, एकोणतीस जिथल्या तिथे. वाईला गेले की आई विचारायची, "संपलं का गं?" आणि मला त्या प्रश्नाची धडकी भरायची.

मग वायूची नवी बाटली आली. त्याच आठवड्यात आण्णा लोणंदच्या बाजाराला आणि तिथून गावच्या जत्रेला म्हणून रजेवर गेले. मी आंघोळीचा सगळा सरंजाम बघितला, कंटाळा आला, आणि वायू तसाच सोडला.

एकोणतीस वर गेला. थोडाथोडका नाही, चांगला ठळक. मी पुन्हा केलं, पुन्हा वर. सर धावतच खोलीत आले, टोपी न घालता. मी तर रडलेच. आईला फोन केला. दोन वर्षांचं ओझं उतरल्यावर माणूस किती हलका होतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

आण्णा आले, त्यांनी कागद पाहिला, आणि विचारलं, "आंगूळ?"

"नाही घातली."

ते बाटलीपाशी गेले, झडप जराशी उघडून नाक लावलं आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

"काय वास येतोय?" सरांनी विचारलं.

"न्हाई येत," आण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा गोंधळलेला होता. दारातून कांदा ओळखणाऱ्या माणसाला वास येत नव्हता.

सरांनी त्यांना समजावलं, तेही चुकीचं नव्हतं. ते म्हणाले, आण्णा, पाण्यात साधी हवा विरघळलेली असते. तुमच्या आंघोळीत ती या महागड्या वायूत मिसळते. खुणेची मेंढरं पातळ होतात, म्हणून इतके दिवस निकाल दिसत नव्हता. भेसळ बाटलीत नाही, तुमच्या आंघोळीत आहे. मी दोघांकडे आळीपाळीने बघत होते. दोघांचंही बरोबर वाटत होतं. खरं सांगायचं तर सरांचं बरोबर असावं असं मला वाटत होतं, आणि वाटणं आणि असणं यांत त्या दिवसांत मला फरक करता येत नव्हता.

आण्णांनी वाद घातला नाही. चार मुळं घेतली, भरपूर उकळली, पार मेली याची खात्री केली आणि नव्या बाटलीतला वायू, आंघोळ न घालता, त्यांना दिला. मेलेली मुळं काही खात नाहीत, त्यांचा आकडा जागचा हलता कामा नये. ही चाचणी मी पहिल्या बाटलीच्या वेळी केली होती, नव्या बाटलीच्या वेळी वायू वाचवायचा म्हणून टाळली होती.

आठवड्याने त्यांनी मला बोलावलं, कागद माझ्याकडे फिरवला आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिले. मेलेल्या मुळांचा आकडा जिवंत मुळांइतकाच होता.

"मेलेलं मेंढरू चरतंय का ताई?" त्यांनी बाहेर बघतच विचारलं. आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. उलट ते फार थकलेले वाटले.

दोन आठवड्यांनी सरांच्या खोलीत बैठक झाली. मी, सर, आणखी दोन वरिष्ठ. आण्णा दाराशी उभे, त्यांना कोणी बसा म्हटलं नाही. कागद टेबलावर होता. प्रबंध द्यायला चार महिने उरले होते. सर वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणेन. त्यांनी मला फक्त प्रश्न विचारले.

"मेलेल्या मुळांचे नमुने कोणी हाताळले?"

"आण्णांनी."

"जिवंत मुळांच्या चिमट्यानेच उचलले असतील, अशी शक्यता आहे?"

आण्णा प्रत्येक नमुन्याआधी चिमटा ज्योतीवर लाल होईपर्यंत धरत. मी तीन वर्षं रोज ते बघत होते. कंटाळून हसतही होते.

"शक्यता आहे," मी म्हणाले.

मी दाराकडे पाहिलं. आण्णा रागावलेले नव्हते. एखाद्या ओळखीच्या माणसाने अचानक परक्या भाषेत बोलावं तसं ते माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "आसंल. ह्या वयात हात चुकतोय कवा कवा." आणि गेले.

तो कागद बाद झाला. आण्णांना मशीनवरून काढून मातीचे नमुने दळायला बसवलं. मागच्या शेडमध्ये दिवसभर धूळ उडायची. मी तिकडून जाणं टाळायची, आणि समोरासमोर आलोच तर ते म्हणायचे, "जेवलासा का ताई?" मी हो म्हणून पुढे जायची. वर्ष-दीड वर्षाने ते निवृत्त झाले. निरोपसमारंभाच्या दिवशी मी पुण्याचं काम काढून निघून गेले. माझा प्रबंध तोवर मंजूर झाला होता.

पुढे मी साताऱ्याला आले, एका खाजगी प्रयोगशाळेत लागले. तिथे मसाल्यांतली आणि दुधातली भेसळ तपासते, म्हणजे बघा. नावापुढे डॉक्टर आहे, दारावर पाटी आहे. सगळं व्यवस्थित चाललं होतं. आणि या उन्हाळ्यात सांगलीहून एका मुलीचा फोन आला. ती माझ्याच प्रबंधावरून पुढचं काम करत होती. तेच गवत, तीच पद्धत, पण शिकलेल्या मुलीसारखी वायू धुऊन घेत होती. सव्वा वर्ष झालं होतं आणि काही निघत नव्हतं.

"मॅडम, तुमचं आलं, माझं येत नाही," ती म्हणाली. "माझं काय चुकतंय?"

मी म्हटलं, बघून सांगते. काय बघणार होते कोण जाणे. फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वडूजची एसटी पकडली. आण्णांकडे जाऊन काय होणार आहे हे मला ठाऊक नव्हतं. माफी मागायची होती की ते म्हणतील ते करायचं होतं, तेही ठरलेलं नव्हतं.

विचारत विचारत माळावर पोचले. आण्णा पटका बांधून बसले होते, आणखी वाळलेले.

"या डॉक्टर," ते उठून म्हणाले. "बसा डॉक्टर. पानी आणू का डॉक्टर?"

टोमणा असता तर सोसला असता. पण ते अगदी मनापासून, मानाने म्हणत होते. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी इकडेतिकडे बघितलं. समोर जाळी लावून मेंढरं बसवलेली होती. जाळीत आणि जाळीबाहेर, नजर जाईल तिथवर, जमीन लेंड्यांनी काळी झालेली होती. त्यातूनच मागच्या पावसाळ्यातली कुसळी वाळून उभी होती.

"आण्णा, मेंढरं इथेच बसतात?"

"व्हय की. आज्याच्या आदीपासनं."

"मग माळाला कधी खत पडलं नाही म्हणालात ते?"

"न्हाईच पडलं."

"आणि हे काय आहे?"

त्यांनी जमिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आवं, ही तर लेंडी. खत म्हंजे गोनीतलं न्हवं का?"

मी हसायला लागले ते थांबेचना. तीन वर्षं वायूतली भेसळ शोधत होतो आम्ही. सर, मी, दोन वरिष्ठ, कोणीही एकदा इथे येऊन जमिनीकडे बघितलं नव्हतं. सरांनी 'खत' म्हणजे खत ऐकलं, आण्णांनी 'खत' म्हणजे युरिया सांगितलं, आणि मी त्या एका शब्दावर डॉक्टर झाले. आण्णाही थोडं हसले. मग त्यांना उमगलं असावं, कारण ते पटका काढून मांडीवर घेऊन बसले.

"म्हंजे मीच," ते म्हणाले. "पयल्यापासनं मीच."

"नाही आण्णा," मी म्हणाले आणि मग सगळं सांगून टाकलं. चिमटा लाल होताना मी रोज बघत होते, तरी शक्यता आहे म्हणाले, हे सांगितलं. सांगलीच्या मुलीचं सांगितलं. मला वाटलं होतं, सांगितल्यावर बरं वाटेल. तसं काही झालं नाही.

ते उठले, खोपटात गेले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतला एक घडी घातलेला कागद घेऊन आले. तो त्यांनी माझ्याकडे फिरवला. मेलेल्या मुळांचा निकाल होता, पण बैठकीतला नव्हे. दुसरा, नव्याने केलेला. आकडा तोच.

"ह्या वक्ताला चिमटा, ताट, बरनी समदं नवं घेतलं हुतं," ते म्हणाले. "मिटिंगच्या दिशी माज्या खिशात हुता."

"मग दाखवला का नाही?"

त्यांनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. मग म्हणाले, "तुमच्या पुस्तकात आमच्या माळाचं नाव छापून येणार हुतं. माजा भाऊ समद्या गावाला सांगून बसलेला. तुमी म्हनला शक्यता हाय, तवा मला वाटलं, बरं झालं. मीबी गप बसलो."

मी इतकी वर्षं त्यांना माझ्यामुळे नाडला गेलेला साधा माणूस समजत होते. माझा सगळा अपराधीपणा त्यावर उभा होता. आता तोही हातातून सुटला. त्यांचा राग यावा की कीव, की त्यांना मिठी मारावी, काहीच कळेना. आम्ही दोघं त्या लेंड्यांच्या माळावर कागद मधे ठेवून नुसते बसून राहिलो.

"ती सांगलीची पोरगी आजून मुळं जाळतीया?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग बसलाय काय? करा की फोन."

मी तिथूनच फोन केला. तिला म्हटलं, तुझं काही चुकत नाहीये. माझं चुकलं होतं. ती रडायला लागली. रागाने की सुटल्यासारखं वाटून, ते मी विचारलं नाही. कागदाचा फोटो पाठवते म्हणाले.

"हे लिहून द्यायला पाहिजे विद्यापीठाला," मी आण्णांना म्हटलं. "पदवी जाईल कदाचित."

त्यांनी विचार केला. "मग मी तुमाला काय म्हनायचं? ताईच?"

"ताईच म्हणा."

"मग ब्येस," ते म्हणाले आणि भाकरी आणायला उठले.

गेल्या सोमवारी मी विद्यापीठात गेले. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "नाव बदलायचंय?" म्हटलं, नाही. "मग डुप्लिकेट हवंय?" नाही. पदवी परत करण्याबाबत आहे, असं सांगितल्यावर त्या शेजारच्या बाईंशी कुजबुजल्या, दोघींनी मिळून दोन कप्पे धुंडाळले, आणि त्या परत येऊन म्हणाल्या, "मॅडम, त्याचा फॉर्मच नसतो हो. साध्या कागदावर लिहून द्या, बघतील काय ते."

मी बाकावर बसले. आधी प्रस्तावना सुचत होती, मग कारणं सुचत होती, बाटलीचं, सरांचं, वेळ कमी असल्याचं. दोन कागद फाडले. तिसऱ्यावर लिहिलं: 'मेलेल्या मुळांतही तेवढाच नायट्रोजन सापडला होता, आणि ते मला माहीत होतं.' त्यापुढे काय लिहायचं ते सुचेना, म्हणून खाली सही केली आणि कागद खिडकीतून आत दिला.